ठिय्याचा दगड

विंझर
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

सोम्या,

काल फोनवर जे बोललास त्ये आता कागदावर लिव. फोन म्या बंद करून पाटीखाली ठेवलाय. "आत्या, मी तसं म्हणालोच नव्हतो," हे तुझं बोलणं आजवर दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकायचं न्हाई. सातवी शिकलीय मी, वाचता येतं. पप्पूचा दुधाचा टेम्पो रोज शिवऱ्याला जातो, त्याच्याकडं चिठ्ठी द्यायची आन् त्याच्याकडनंच जबाब धाडायचा.

तू म्हणालास, मोठ्या दुकानाची अट हाय, आवारात सुक्या मासळीचा वास नको. म्हंजी अंबूबाई नको, सरळ बोल की.

तुझ्या शेटला, आनंदरावांना, इचार ती जागा कुणाची व्हती. बुधवारचा बाजार तिथंच बसायचा. माझी सासू तिथंच सुकट-बोंबील इकायची, तिच्या मागं मी. 'शिवार प्लाझा' बांधायला काढला तवा शेटनं समद्या बाजारापुढं नारळ फोडला आन् शब्द दिला, की बाजार मागच्या आवारात बसंल, लोकं मधल्या गल्लीतनं येतील-जातील, आन् गल्लीला दोन्ही अंगानं गाळे. त्या शब्दावर माझ्या लेकीनं, धनूनं गळ्यातलं मोडून बांगड्या न् मॅचिंगचा गाळा भाड्यानं घेतला. तू तिथला मॅनेजर झालास तवा भाचा म्हणून म्या बाजारभर पेढे वाटले. त्ये पेढे अजून कुणाच्या पोटात असतील तर परत माग म्हणावं.

लिव आता. सहीसकट.

तुझी आत्या
अंबूबाई

•

शिवार प्लाझा, शिवरे
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,
नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि लगेच मिटलं. वाचताना तुझा आवाज ऐकू येत होता आणि समोर शेट बसले होते.

आता लिहून देतो. प्लाझात 'महाघर बझार' येतंय. धंद्यात अशा दुकानाला अँकर म्हणतात. शेट त्यांच्याकडून भाडं जवळजवळ घेतच नाहीत, कारण ते दुकान गर्दी घेऊन येतं. तेल-साखर, कुकर, कपडे घ्यायला लोक पार भोरहून येणार, आणि जाता-येता गल्लीतले गाळे बघणार. पुरं भाडं भरायचं ते गाळेवाल्यांनी. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं, पण सगळीकडे असंच चालतं. महाघर आलं नाही तर गाळे बंद पडतील, आणि त्यात आपल्या धनूचाही असेल.

त्यांची अट एकच आहे, आणि ती तुझ्यावरच येऊन पडली. मी भांडलो गं. खरंच भांडलो. शेवटी एवढं मिळवलं, की पाण्याच्या टाकीमागे तुला स्वतंत्र जागा, वर पत्रासुद्धा. किंवा माल पिशव्यांत सीलबंद करून विकलास तर आहे तिथेच बसायला त्यांची हरकत नाही.

बाकीचा बाजार जिथे आहे तिथेच राहील. फक्त तू. धनूसाठी एवढं कर.

तुझा
सोमनाथ

•

विंझर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

सोम्या,

टाकीमागं म्हंजी मुतारीच्या शेजारी, त्ये लिवायचं राहिलं तुझं. पत्रा मात्र आठवणीनं लिवलास.

पिशवीतला बोंबील कोण घेतं रे? बोंबील मोडून बघायला लागतो, सुकट मुठीत घेऊन हुंगायला लागती. वास मारू नये म्हणून बंद केली तर गिऱ्हाईकाला कळणार कसं चांगली का खराब? तू धनकवडीत वाढलास, तुझी आई मासळी बघितली की खिडकी उघडायची, तुला काय सांगू.

पण तुझं अँकर का काय त्ये मला लगेच समजलं. एका दुकानासाठी गर्दी येती आन् त्या गर्दीवर बारकी दुकानं जगत्यात, असंच ना? मग ऐक. मी बाजारात पार टोकाला बसते. येणाऱ्याला वाटतं वासामुळं. वासामुळं बी हाय, खोटं कशाला बोलू. पण सासू वरंधा घाट उतरून महाडवरनं माल आणायची आन् टोकालाच मांडायची. ती म्हणायची, बोंबलाला निघालेलं माणूस मधनं मागं फिरत न्हाई, म्हणून आपुन लांब बसायचं. जाताना त्याला मेथी दिसंल, मडकं दिसंल, पोराची टोपी दिसंल. समद्यांची भवानी व्हती. तवा भाडं माफ करायचंच असंल तर माझं करा म्हणावं शेटला. तुमच्या महाघरानं अजून कुणाच्या मेथीची एक जुडी इकलेली न्हाई.

मी टाकीमागं जाणार न्हाई. उद्या बुधवार. उद्या बाजार उठला की माझ्या ठिय्याचा दगड म्या उचलते. शेटला तेवढं सांग.

अंबूबाई

•

शिवार प्लाझा, शिवरे
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,
नमस्कार.

तुझे आभार कसे मानू कळत नाही. शेटनी मला केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. त्या दिवशी मी वरच्या खिडकीतून बघत होतो. तू आणि पप्पू मिळून तो काळा दगड टेम्पोत चढवत होतात, आणि मला भरून आलं. जिच्यावर एवढी वर्षं तराजू ठेवलास ती खूणसुद्धा तू कसलीही कटकट न करता काढून नेलीस. मी खाली यायला हवं होतं, धीर झाला नाही.

महाघरचं उद्घाटन पाडव्याला ठरलंय. तुला साडी घेतलीय, नेसून यायचं.

काल बाजाराला कुणीच आलं नाही. शिवजयंती होती, मिरवणुकीत असतील सगळे. येत्या बुधवारी वेळेवर यायला सांगशील का त्यांना? तुझं ऐकतात.

धनू माझ्याशी नीट बोलत नाही. तिला वाटतं मी तुला हाकललं. तू स्वतःहून गेलीस हे तिला तूच सांग.

तुझा
सोमनाथ

•

विंझर
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

अरे शहाण्या,

शिवजयंतीपायी न्हवं त्ये, बाजारच उठला व्हता! तुला कुणीच सांगितलं न्हाई व्हय? तुझ्या बापानं तरी सांगायचं.

ठिय्याचा दगड म्हंजी खूण न्हवं. माणूस आजारी पडलं, बाळंतीण झालं, सहा महिने न्हाई आलं, तरी दगड जागेवर असतो आन् तिथं दुसरं कुणी बसत न्हाई. दगड कुणी हलवत न्हाई. ज्यानं त्यानं आपला उचलायचा, आन् उचलला म्हंजी भांडण. टोकाच्या माणसानं उचलला तर मग कुणीच बसत न्हाई, माझ्या म्होरं मडकीवाली चंद्राबाई, तिच्या म्होरं मिरचीवाला, समद्यांनी आपापले उचलायचे. खिडकीत उभा व्हतास ना? माझा टेम्पो गेल्यावर आणखी अर्धा तास थांबला असतास तर बघितलं असतंस. पण तुला भरून आलं व्हतं!

आता आमी हायवेच्या पलीकडं चिमाजीच्या रानात बसतो. हरभरा काढून रान मोकळंच व्हतं. मी टोकाला, बांधापाशी.

साडी ठेवून घे, तुझ्या बायकोला व्हईल.

धनू माझ्याशी बी बोलत न्हाई. तिचं म्हणणं, "आई, तुझ्या ताठ्यात माझा गाळा गेला." तिला काय सांगू? पोरगी माझीच, ताठा बी माझाच घेतलाय. गेल्या बुधवारी ती हायवेच्या पलीकडं एकटी गाळ्यात बसलेली मला दिसत व्हती. जीव तुटतो माझा. तरी मी दगड मागं न्हेणार न्हाई.

अंबूबाई

•

शिवार प्लाझा, शिवरे
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

आत्या,

महिनाभर पत्र लिहिलं नाही कारण राग आला होता. अजून आहे. तू बाजार पळवलास आणि मला शेटपुढे तोंडावर पाडलंस. "तुझी आत्या आहे ना?" हे वाक्य मी आता रोज ऐकतो.

पण ऐक. पाडव्याला महाघर उघडलं. ढोल होते, कमान होती, पार्किंगला जागा पुरली नाही, सर्व्हिस रोडवर गाड्यांची रांग. भोर, नसरापूर, कामथडी, सगळीकडून माणसं. पहिल्या दिवशी तर साखर संपली. तू म्हणायचीस ना, गर्दी कुणाची? डोळ्यांनी बघायला ये. दगडावर गर्दी येत नाही आत्या, पार्किंगवर येते.

धनूचं काही काळजीचं कारण नाही. नवीन आहे, जम बसायला वेळ लागतो.

सोमनाथ

•

विंझर
मंगळवार, ६ मे २०२५

सोमनाथ,

बोलावलंस म्हणून आले व्हते. तू जेवायला गेला व्हतास म्हणं.

दारातल्या पोरीनं माझी पिशवी हुंगली आन् नाक दाबलं. म्या म्हणलं, बाई, आत साबण असंल तर त्यो बी हुंग. आत लई गार. फिरले समदीकडं. खोटं बोलणार न्हाई, दुकान चांगलं हाय. डाळ निवडलेली, कुकर झकास. मला एक चाळण आवडली, घेतली.

मग चाळण घेऊन गल्लीकडं निघाले, धनूकडं जावं म्हणून. तर दार कुठाय? गल्लीच्या दारापुढं तांदळाची पोती रचलेली, त्याच्यापुढं गार पेट्या. म्या पोऱ्याला इचारलं तर म्हणतो, "मावशी, तिकडनं बंद हाय, आलात तिकडनंच जा." म्हंजी लोकं गाडीतनं उतरत्यात, आत जात्यात, त्याच दारानं भाईर येऊन गाडीत बसत्यात. गल्लीत कोण येणार? मी प्लाझाला सगळा वळसा घालून धनूकडं गेले. दिवस मावळंस्तोवर तिथं बसले. एक बाई आली, तिनं मुतारी कुठाय इचारलं.

शेजारचा मोबाईलवाला शटर लावून गेला, चप्पलवाला गेला. धनू बांगड्या पुसत बसली व्हती. पुसून पुसून त्यांचा रंग जाईल. माझ्याशी अडीच महिन्यांनी बोलली, तर काय बोलली? "आई, भाडं भरायला आता कानातलं राहिलंय."

सोम्या, त्ये दार बंद हाय हे तुला ठावं व्हतं. ठावं असून मला लिवलंस, जम बसायला वेळ लागतो. माझ्यावर राग धर, तुझा हक्क हाय. पण बहिणीला असं फसवायचं? कागदावर म्या यासाठीच मागितलं व्हतं. तुझी सही हाय त्याच्यावर.

आत्या

•

शिवार प्लाझा, शिवरे
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

तुझ्या मे महिन्यातल्या पत्राला उत्तर द्यायला तोंड नव्हतं. आज लिहितोय, कारण आता लपवून काही उरत नाही.

दार बंद आहे हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. दोन दारं म्हणजे दोन वॉचमन आणि चोरीची भीती, असं महाघरवाले म्हणाले. त्यांना भाडं माफ केलं ते कशासाठी? गल्लीतून गर्दी जावी म्हणूनच ना? मी शेटना चारदा सांगितलं. शेट म्हणाले, त्यांना दुखवू नकोस, गेले तर काय करू. म्हणून गप्प बसलो.

आणि तरी ते चाललेच. खेड शिवापूरच्या बाजूला मोठं पार्किंग मिळालं, महिनाअखेर हॉल रिकामा करतायत. शेट पूर्ण प्लाझा कुरिअरच्या गोदामाला द्यायला निघालेत. गोदामाला गाळे लागत नाहीत. भिंती पाडून सपाट. गाळेवाल्यांना गणपतीनंतर चाव्या द्यायला सांगितल्यात. राहिलेत कितीसे. बाकी सगळ्यांनी आत्ताच दिल्या, धनूनं नाही दिली. रोज कामथडीहून येते, शटर वर करते, दिवा लावते, संध्याकाळी जाते. मी समजावायला गेलो तर मला म्हणाली, "दादा, बांगडी घ्यायचीय का? नसेल तर गिऱ्हाइकाची वाट अडवू नकोस." गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

चिमाजीनं भातलावणीला रान घेतलं आणि तुम्ही सर्व्हिस रोडच्या कडेला बसता, हे रोज वरच्या खिडकीतून बघतो. ट्रक चिखल उडवतात तेही दिसतं. त्यात श्रावण, तुझा माल तर बंदच असेल.

हॉल रिकामा होतोय आत्या. वर छप्पर आहे. दगड परत आण. तू आलीस की बाजार येईल, बाजार आला की धनूचा गाळा उभा राहील. हात जोडतो.

सोमनाथ

•

विंझर
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

सोमनाथ,

खरं लिवलंस, बरं वाटलं. उशिरा लिवलंस, त्ये बी ध्यानात ठेवते.

श्रावणात बी मी बसते. वाल न् चवळी मांडते, बोंबील घरी. टोक मोकळं सोडायचं न्हाई. चिखलाचं म्हणशील तर परवा चंद्राबाईची दोन मडकी ट्रकच्या हवेनं गेली. मिरचीवाला पोलिसाला बघितला की पोतं उचलून पळतो. हाल हायेत, लपवून काय करू. बाजारातली दोन माणसं मलाच म्हणाली, "अंबूबाई, लई ताणलंस." रात्री झोप न्हाई लागत.

तरी ऐक. दगड बोलावल्यानं येत न्हाई. ज्याच्यापायी उचलला त्यानं यायचं, डोईवर चुंबळ ठिवायची, आन् समद्या बाजारापुढं त्यो दगड वाहून जागेवर न्यायचा. चालत. टेम्पो चालत न्हाई. असंच हाय, मी आज काढलेलं न्हाई. सासूच्या वेळी एका पाटलानं वाहिला व्हता.

ज्याच्यापायी म्हंजी शेटच खरं. पण शेट काय येत न्हाई. मग तू. इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यातल्या त्या मॅनेजरच्या पट्ट्यासकट ये. आन् दगड ठिवायचा पार टोकाला, हॉलच्या मागच्या भिंतीपाशी, गल्लीच्या दाराशी. त्यांनी पुढं दारात बसा म्हणलं तरी बसणार न्हाई. गल्लीतनं माणूस गेलंच पायजे, धनूच्या गाळ्यापुढनं.

नोकरी जाईल तुझी. इचार करून जबाब दे. न्हाई आलास तर मी बोल लावणार न्हाई, पण मी बी येणार न्हाई.

आत्या

•

शिवरे
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

विचार करायला तीन आठवडे लागले. तुझ्यासारखा माझा जबाब लगेच तयार नसतो.

आज शेटना विचारलं. म्हणाले, खुळा आहेस का, पितृपंधरवडा लागलाय, या दिवसांत कुणी काही सुरू करतं का? मी म्हटलं, नवीन काही नाही, जुनंच आहे. मग म्हणाले, बुधवारी शटर उघडलंस तर गुरुवारी येऊ नकोस. गोदामवाले बुधवारीच मापं घ्यायला येतायत.

शटरची चावी माझ्या खिशात आहे. बायकोला सांगितलं, ती आधी रडली, मग तिनं साडीची चुंबळ वळून दिली. तूच नको म्हणालेली ती पाडव्याची साडी, फाडली तिनं.

दगड काढून ठेव. येतो.

सोमनाथ

•

शिवरे, बुधवारचा बाजार
१० सप्टेंबर २०२५

आनंदराव शेट,

तुमाला म्या कधी पत्र लिवलं न्हाई. आज लिवते, कारण उद्या तुमी म्हणाल मला कुणी सांगितलं न्हाई.

आज बाजार बसला. माझ्या भाच्यानं, सोमनाथनं, दगड डोईवर वाहिला. सर्व्हिस रोडवरनं, हायवेखालच्या बोगद्यातनं, पाऊस भुरभुरत व्हता, दोनदा गुडघ्यावर बसला. म्या हात लावला न्हाई, लावायचा नसतो. डोळ्याला पदर मात्र लावला, समद्यांनी बघितलंय. त्याच्या मागनं चंद्राबाई, मिरचीवाला, समदा बाजार आपापले दगड घेऊन. मधल्या गल्लीतनं गेलो. धनू गाळ्याच्या पायरीवर उभी व्हती, तिनं दगडावर पाणी घातलं, मग माझ्या गळ्यात पडली. तिथंच थांबावं लागलं, मागची माणसं खोळंबली.

दगड मागच्या भिंतीपाशी ठिवलाय, महाघरच्या गार पेट्या व्हत्या तिथं. शटर सोमनाथनं उघडलं, पण बसलो आमी, तवा जाब आमाला इचारा. बोंबील दुपारलाच संपला. धनूला चहा प्यायला सवड न्हाई, बायका ओळीनं हात पुढं करून उभ्या हायेत. तुमचे गोदामवाले टेप घेऊन आले व्हते. मापं न्हाई घेता आली, पाव किलो सुकट घेऊन गेले.

तुमी दिलेला शब्द आमी मोडला न्हाई, आमी त्यात राहायला आलोय. भाडं रीतीनं देऊ, जे महाघराला लावलं व्हतं त्येच. गर्दी आमी आणतो.

सोमनाथला कामावरनं काढणार असाल तर काढा. त्यानं बी आज एक दगड ठिवलाय, माझ्या शेजारी. अजून काय इकायचं त्ये ठरलं न्हाई.

आन् बाजार उठवायचा असंल तर पोलीस धाडू नका, माणसं धाडू नका. तुमी स्वतः या. चुंबळ आमी देतो, दगड तुमच्या डोईवर आमीच ठिवून देतो. गल्लीतनं, समद्या गाळ्यांपुढनं, बाजार बघत असताना भाईर न्यायचा. मागच्या भिंतीपाशी बसलेली असते. बुधवारीच या, इतर वारी मी नसते.

अंबूबाई, विंझर
धनश्री, मॅचिंग सेंटर
सोमनाथ